तालुक्याच्या गावातल्या साध्या वकिलाकडे कोर्टकेस सोडून कोणती कामं होतात?

खरं तर कोर्टाबाहेरचीच जास्त. सकाळी दहाला अशा ऑफिसात बसून बघा: कुणी सातबारा-फेरफारची पिशवी घेऊन आलेलं, कुणाला भाडेकरार हवाय, कुणाला वारस दाखल्याचा अर्ज.

सगळ्यात उपयोगाचं काम म्हणजे जमीन किंवा फ्लॅट घेण्याआधीचा सर्च रिपोर्ट. दुय्यम निबंधकाकडची (म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयातली) साधारण ३० वर्षांची नोंद तपासून वकील सांगतो की कर्जाचा वगैरे बोजा आहे का, एखाद्या बहिणीची सही राहिलीय का. लोक नेमके इथेच पैसे वाचवतात आणि मग दहा वर्षं दिवाणी दाव्याच्या तारखा मोजतात.

चेक बाउन्स झाला असेल तर मात्र आजच जा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. "देतो देतो" ऐकण्यातच मुदत निघून जाते.

मृत्युपत्रासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण बघा!

फी आधीच विचारा, टायपिंग आणि स्टॅम्पचा खर्च त्यात धरलाय का तेही. घरातल्या बाईची केस असेल तर आधी तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.