इंग्रजीत 'लेंड अ हँड' म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे वापरायचं?

अर्थ सरळ आहे: मदत करणे, हातभार लावणे. पण मदत कसली, हे महत्त्वाचं. सामान उचलणं, टेबल सरकवणं, पाहुणे यायच्या आत घर आवरणं, अशा अंगमेहनतीच्या, लवकर उरकणाऱ्या कामांना हा वाक्प्रचार शोभतो. पैशांची मदत मागताना तो वापरू नका.

रोजच्या बोलण्यात 'गिव्ह मी अ हँड' जास्त ऐकू येतं. मदत कशात हवी ते 'विथ' लावून सांगायचं: 'कॅन यू गिव्ह मी अ हँड विथ द लगेज?' यातला 'अ' खाऊ नका, आणि त्याच्या जागी 'युअर' तर मुळीच नको. 'गिव्ह मी युअर हँड' म्हटलं की समोरचा खरोखर हात पुढे करेल. स्वतःहून मदत देऊ करायची असेल तर 'नीड अ हँड?' एवढं पुरतं. मला हे फार आपुलकीचं वाटतं, जरूर वापरा.

कार्यक्रमात निवेदक 'गिव्ह हर अ बिग हँड' म्हणाला तर मात्र टाळ्या वाजवायच्या. औपचारिक पत्रात 'हेल्प' किंवा 'असिस्टन्स' लिहिलेलं बरं.