देवाला बोललं तर चालतं का?

प्रिय मनू,

शाळेत सांगतात कुणालाही काहीही बोलायचा हक्क आहे, आणि आजी म्हणते देवाधर्माबद्दल वेडंवाकडं बोलू नये. मग खरं कुणाचं, असं तू विचारलंस.

आपल्याकडे देवापुढे कुणी तोंड उघडत नाही असं समजू नकोस. जनाबाई विठोबाची लाडकी, पण रागावली की त्याला चक्क शिव्या घालायची. चोखोबांना देवळात जाऊ देत नसत, तेव्हा त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विचारलं, विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे तरी कुठे? हे बोल केवढे झोंबले असतील! तरी ते अभंग आपण जपले.

आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढलं आणि बालविवाह, केशवपन म्हणजे विधवांचं डोकं भादरणं, अशा रूढींवर कडाडून टीका केली. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तरी ते लिहीतच राहिले. भावना तेव्हाही दुखावल्याच होत्या गं. त्या जपायच्या म्हणून आगरकर गप्प बसले असते, तर विधवांचे हाल कुणी मांडले असते?

म्हणून ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावरून कुणाचं तोंड बंद करणं मला पटत नाही. भारताच्या राज्यघटनेतलं १९ वं कलम बोलण्याचा हक्क देतं आणि त्याला मर्यादाही घालतं. मुद्दाम, द्वेषाने एखाद्या समाजाच्या श्रद्धेचा अपमान करणं तिथल्या फौजदारी कायद्याने गुन्हा आहे. पण दुखावलेल्यांनीच शिक्षा द्यायची ठरवली की काय होतं, ते आम्ही पाहिलंय. शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या रागातून ५ जानेवारी २००४ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. पुस्तक लिहिणारा होता अमेरिकेत, आणि नासधूस झाली आपल्याच ग्रंथसंग्रहाची. मला त्याचा अजून संताप येतो.

आता तुझ्या वर्गातलं. एखादी मुलगी एकटीच वेगळ्या धर्माची असेल, तर तिच्या देवाची टिंगल करायचा हक्क तुला असेलही. तो वापरू नकोस. आगरकर स्वतःच्याच समाजातल्या बलवानांशी भांडले, कारण कुणीतरी सोसत होतं. वर्गातली टिंगल करून कुणाचं भलं होणार आहे?

मूर्तीत देव असतो का, हे मात्र आजीला जरूर विचार. ती चिडेल, वाद घालेल. घालू दे. तिने आयुष्यभर या गोष्टींचा विचार केलाय, तेव्हा तिचं म्हणणं पुरतं ऐकून घे आणि पटलं नाही तर तसं सांग. फक्त ती पूजेला बसलेली असताना फोनवर खिदळू नकोस.

तुझी,
आई