सोलर बसवलं आणि पॉवर फॅक्टर घसरला

प्रश्न : गोकुळ शिरगावला आमचं मशीनशॉप आहे, ११ केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन. छतावर १५० किलोवॅटचं सोलर बसवल्यापासून बिलातला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण पॉवरपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या पॉवरचं प्रमाण) पडलाय. एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) मात्र दिवसभर ०.९८ दाखवतं. सोलरवाले म्हणतात पॅनेल बिघडलं, पॅनेलवाले सोलरकडे बोट दाखवतात. आता मोबाइलवर सगळं दाखवणारी मॉनिटरिंग सिस्टीम घ्या, असा सल्ला मिळतोय. घ्यावी का?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात घेऊ नका. तुमचं पॅनेलही ठीक असेल आणि सोलरही. एनर्जी ऑडिटला गेले की मी आधी रिलेची, म्हणजे पॅनेलमधल्या कपॅसिटर जोडणाऱ्या-काढणाऱ्या कंट्रोलरची, सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) कुठे बसवलीय ते बघते. तुमच्याकडेही तिथूनच सुरुवात करा.

समजा शॉपचा लोड २०० किलोवॅट आहे आणि पॉवर फॅक्टर ०.९८. म्हणजे साधारण ४० केव्हीएआर रिॲक्टिव्ह पॉवर (मोटरचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी) बाहेरून येते. दुपारी सोलर १५० किलोवॅट देतं, पण इन्व्हर्टर युनिटी (म्हणजे १) पॉवर फॅक्टरवर चालत असल्याने केव्हीएआर काहीच देत नाही. महावितरणकडून आता फक्त ५० किलोवॅट येतात, केव्हीएआर मात्र तेच ४०. मीटरवरचा पॉवर फॅक्टर झाला ०.७८! सोलरची केबल मेन ब्रेकरच्या आधी, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जोडली असेल आणि सीटी ब्रेकरनंतर असेल, तर रिलेला सोलर दिसतच नाही. तो २०० किलोवॅट आणि ०.९८ बघून स्वस्थ बसतो. जागा नसली की केबल अशीच जोडलेली मला बऱ्याच ठिकाणी दिसते.

१ एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे किलोवॅट आणि केव्हीएआर मिळून होणाऱ्या एकूण पॉवरच्या (केव्हीए) युनिटवर बिल येतं. पॉवर फॅक्टरचा वेगळा दंड गेला, तरी वरच्या उदाहरणात ५० किलोवॅटसाठी तुम्ही ६४ केव्हीएचे पैसे भरताय. शिवाय हिशोबात लॅग (ग्रीडकडून घेतलेले) आणि लीड (कपॅसिटर जास्त झाल्याने ग्रीडकडे गेलेले) दोन्ही केव्हीएआर धरतात. म्हणून ‘आणखी एक फिक्स (कायम जोडलेला) कपॅसिटर टाका’ असं कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. रात्री शॉप बंद असताना तोच कपॅसिटर लीडिंगमध्ये नेईल.

सीटी अशा जागी हवी की लोड, कपॅसिटर आणि सोलर या तिघांचा एकत्रित करंट तिच्यातून जाईल. दुसरं म्हणजे रिले चार क्वाड्रंटचा (वीज आत येतेय की बाहेर जातेय हे ओळखणारा) आहे का ते विचारा. रविवारी शॉप बंद असताना वीज उलटी ग्रीडकडे जाते, तेव्हा जुना रिले गोंधळतो आणि कपॅसिटर चुकीचे जोडतो किंवा काढतो. पॅनेलच्या कपॅसिटर बँकेत लहान स्टेपही (टप्पेही) हव्यात. सगळ्या २५ केव्हीएआरच्या असतील तर कमी लोडवर नेमकं जुळवता येत नाही. इन्व्हर्टरमधूनही केव्हीएआर घेता येतात, सोलरवाल्यांना ते सेटिंग विचारा. मात्र भर उन्हात त्याची क्षमता किलोवॅटमध्येच संपलेली असू शकते.

या कामांआधी मीटरचा लोड सर्व्हे (मीटरने वेळेनुसार साठवलेल्या नोंदी) मागवून दुपार, रात्र आणि रविवार वेगवेगळे तपासा. दुरुस्तीनंतर मॉनिटरिंग जरूर घ्या. मेन इनकमरवर (वीज शॉपमध्ये येते तिथल्या मुख्य जोडणीवर) आरएस-४८५ (डेटा बाहेर पाठवायची सोय) असलेला मल्टिफंक्शन मीटर बसवून सुरुवात केली तरी पुरे.

सीटी हलवायचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, पूर्ण शटडाऊन घेऊनच करून घ्या. करंट चालू असताना सीटीची सेकंडरी (रिलेकडे जाणाऱ्या वायरांची बाजू) उघडी पडली तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं.