तेच प्रमाण, तीच भट्टी, तरी एक्सआरडी वेगळा का?

तुम्ही सोडियम बॅटरीच्या कॅथोडसाठीचं पी२ (थरांच्या रचनेचा एक प्रकार) सोडियम मँगनीज ऑक्साइड (तीन मँगनीजमागे दोन सोडियम) एकाच कृतीने दोनदा केलंत आणि एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) जुळत नाही. माझा पहिला संशय थंड करण्याच्या पद्धतीवर आहे. १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून मूस एकदम बाहेर काढली, की मँगनीज-३ (+३ प्रभाराचं मँगनीज) भरपूर राहतं. यान-टेलर परिणामामुळे (इलेक्ट्रॉनांच्या मांडणीमुळे येणारी विकृती) त्याभोवतीचा ऑक्सिजनचा अष्टफलक ताणला जातो आणि षट्कोनी रचना ऑर्थोरॉम्बिक (तीन असमान, काटकोनी अक्षांची) होते; एक्सआरडीतली काही शिखरं फुटून दोन दिसतात, ती याचमुळे. तेच हवेत सावकाश थंड केलं तर मँगनीज-४ वाढतं, धातूच्या थरात रिकाम्या जागा पडतात आणि रचना षट्कोनी राहते. म्हणून थंड करण्याचा वेग वहीत लिहाच, तो तापमानाइतकाच महत्त्वाचा आहे.

शिवाय भाजताना सोडियम उडतो, म्हणून सोडियम कार्बोनेट साधारण ५ टक्के जास्त घेतात. फार जास्त घेतलं तर ते पृष्ठभागावर उरतं आणि पीव्हीडीएफ (पावडर चिकटवून ठेवणारा पॉलिमर) घातलेली स्लरी, म्हणजे इलेक्ट्रोडवर लावायचं मिश्रण, चक्क जेलीसारखी घट्ट होते.

पावसाळी हवेत पावडर उघडी ठेवू नका. मूस गरम असतानाच ग्लोव्हबॉक्समध्ये (कोरड्या, निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत) न्या.