वाचक विचारतात : ए-320 चा पायलट ए-330 वर एवढ्या लवकर कसा काय?

प्रश्न : सर नमस्कार. माझा भाचा ए-320 वर को-पायलट आहे, आता कंपनी त्याला ए-330 वर घेतेय. ट्रेनिंग म्हणे आठ-दहा दिवसांचं! आमची ताई, म्हणजे त्याची आई, जाम टेन्शनमधे आहे. एवढं अवाढव्य विमान, घाईत उरकत तर नाहीत ना? (एक वाचक, विटा)

उत्तर : ताईंना म्हणावं निवांत राहा. कोऱ्या पाटीवर शिकवायचं असतं तर महिनाभर तरी गेला असता, पण भाच्याला निम्म्याहून जास्त आधीच येतंय. 1988 साली ए-320 प्रवासी घेऊन उडायला लागलं तेव्हा एअरबसने पक्कं ठरवलं होतं की पुढची विमानं केवढी का होईनात, कॉकपिट शक्यतो हेच ठेवायचं. म्हणून ए-330 मधे बसलं की स्क्रीन त्याच जागी, डोक्यावरचं पॅनेल जवळपास तेच, बिघाड झाला की स्क्रीनवर येणाऱ्या सूचना आणि त्यावर काय करायचं ती पद्धतही तीच.

पण नुसतं दिसायला सारखं असून भागत नाही, खरी गंमत आत आहे. या विमानांत स्टिकपासून पंखापर्यंत तारेची दोरी जात नाही, मधे कॉम्प्युटर बसलेत (याला फ्लाय-बाय-वायर म्हणतात), पायलट स्टिक मागे ओढतो म्हणजे कॉम्प्युटरला सांगतो की मला नाक एवढं वर पाहिजे, मग शेपटीचा पत्रा किती हलवायचा ते कॉम्प्युटर बघतो. त्यामुळे 78 टनांचं ए-320 आणि 242 टनांपर्यंत जाणारं ए-330 हाताला बरंचसं सारखंच लागतं. एअरबस स्वतः या बदलाला साधारण 8 दिवस धरते. आणि ए-318 पासून ए-321 पर्यंत तर टाइप रेटिंगच एक, म्हणजे लायसन्सवरचा शिक्का एकच.

मग त्या आठ दिवसांत शिकवतात काय, तर जे सारखं नाही ते. सगळ्यात जास्त सवय करावी लागते जमिनीवर. मोठ्या विमानात पायलट पुढच्या चाकाच्याही पुढे बसलेला असतो आणि मागची चाकं लांब राहिलेली, म्हणून वळताना स्वतः कोपऱ्याच्या पुढे जाऊन मग वळवायचं, नाहीतर मागची चाकं आतल्या बाजूने गवतात. आपल्याकडं सिझनला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चौकात कसा लांबून वळण घेतो, तसंच.

कंपन्या हे प्रेमापोटी करत नाहीत हो. सिम्युलेटरचा तास महाग, आणि ट्रेनिंगला बसलेला पायलट पगार घेतो पण विमान उडवत नाही.

प्रश्न : बोइंगला स्टेअरिंगसारखं हँडल आणि एअरबसला साइडला जॉयस्टिक, असं का? आणि बोइंगमधे पण सगळी विमानं अशी सारखी असतात का? (एक कॉलेज विद्यार्थी, कराड)

उत्तर : बोइंगची दोन्ही हँडलं एकमेकांना जोडलेली असतात, कॅप्टनने ओढलं की शेजारच्याचंही हलतं, त्यामुळे दुसरा काय करतोय ते न विचारता कळतं. एअरबसच्या स्टिक तशा जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या की 'ड्युअल इनपुट' असा आवाज येतो आणि बटण दाबून एकाने ताबा घ्यायचा. जागा मात्र भरपूर मोकळी होते, जेवायला पुढ्यात टेबल ओढता येतं! माझं मत विचाराल तर जोडलेलं हँडल बरं, पण एअरबसवाले पायलट हे वाचून चिडतील.

सारखेपणा बोइंगकडेही आहे. 757 बारीक, 767 रुंद, तरी 1983 पासून टाइप रेटिंग एकच. 777 वरून 787 वर जायला अमेरिकेत 5 दिवसांचा कोर्स मान्य झाला. घोटाळा झाला तो 737 मधे. ते विमान पहिल्यांदा उडालं 1967 साली, आणि प्रत्येक नवं मॉडेल जुन्याच रेटिंगवर चालावं असा एअरलाइन्सचा आग्रह. 737 चं नवं मॉडेल म्हणजे मॅक्स, त्याला इंजिनं मोठी लागली, ती पुढे आणि वर सरकवावी लागली, त्यामुळे ठराविक वेळी विमानाचं नाक जुन्या 737 पेक्षा वेगळं वागायला लागलं. हा फरक झाकायला एमकॅस नावाचं, नाक आपोआप खाली दाबणारं सॉफ्टवेअर घातलं, ते बाहेरच्या एकाच सेन्सरवर विसंबून, आणि पायलटच्या मॅन्युअलमधे त्याचा खुलासा नाही. 2018 ला इंडोनेशियात आणि 2019 ला इथिओपियात अशी दोन मॅक्स विमानं कोसळली, मिळून 346 माणसं गेली. एअरबसने सारखेपणा आधी ठरवून मग विमानं बनवली, इथं विमान वेगळं झालं होतं आणि ते सारखं असल्याचं दाखवायचं होतं.

प्रश्न : एवढी बटणं, चुकून भलतंच दाबलं तर? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आजच्या कॉकपिटमधे सगळं ठीक असेल तर बटणांवर जवळपास एकही दिवा पेटत नाही, म्हणजे पेटला तर तिकडेच बघायचं. आणि महत्त्वाचे दांडे हाताला वेगळे लागतात. दुसऱ्या महायुद्धात बी-17 या बॉम्बफेकी विमानाचे पायलट उतरल्यावर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उघडणारे पत्रे) मिटवायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं, कारण दोन्ही स्विच शेजारी आणि दिसायला एकसारखे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या स्विचवर रबराचं छोटं चाक आणि फ्लॅपच्या स्विचवर पाचर बसवली. आता तर तो नियमच आहे, एअरबस असो की बोइंग, चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी गोल आणि फ्लॅपची पंखाच्या काठासारखी चपटी.