नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल-पेठकडची शाळकरी मुलं लांब पल्ल्याच्या धावण्यात नाशिक शहरातल्या मुलांच्या पुढे का असतात?

जागेच्या उंचीमुळे नव्हे. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम 600 मीटरवर. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी प्रसिद्ध असलेलं केनियातलं इटेन 2400 मीटरवर आहे. इथे फरक पडतो तो रोजच्या चालीचा. पाड्यावरच्या मुली लहानपणापासून डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात. शालेय स्पर्धेत बघा: ती अनवाणी असते, पण शेवटच्या फेरीतही खांदे सैल, शहरातली मुलगी पहिल्याच फेरीत जोर लावते आणि तिसरीत पोट धरते.

सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य जिंकलं. पण त्यामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंगांनी करून घेतलेला वर्षानुवर्षांचा सरावही होता. आपल्या पाड्यांवर पाय भरपूर आहेत हो, प्रशिक्षक पोचत नाहीत.