पाणवनस्पतींची टाकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. वाळू पसरली, चार-पाच झाडे लावली आणि दुसऱ्याच दिवशी बारा गप्पी व सहा निऑन टेट्रा सोडले. आठवडाभरात पाणी दुधाळ झाले, म्हणून टाकी रिकामी केली, वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला आणि टाकी पुन्हा भरली. त्यानंतर तीन दिवसांत अकरा मासे मेले. पाणी मात्र अगदी नितळ होते. आमचे काय चुकले?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपण मनापासून स्वच्छता केली आणि नेमके तिथेच नुकसान झाले, याचे वाईट वाटते. हा अनुभव कोल्हापुरातल्या अनेक घरांतून कळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात आणि उरलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ असतानाही तो माशांच्या कल्ल्यांना इजा करत असतो. निसर्गात आणि जुन्या टाकीत काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात माशांना सोसते आणि झाडांना तर ते खत म्हणून लागतेच. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत. वाळूचे कण, स्पंजाची छिद्रे, पानांची पाठ अशा जागी ते चिकटून वाढतात, आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या टाकीत ही वस्ती नुकती कुठे सुरू झाली होती. नळाच्या धारेखाली वाळू आणि स्पंज धुतल्यावर त्यातले बरेचसे जिवाणू वाहून गेले आणि उरलेल्यांना पाण्यातल्या क्लोरीनने मारले. आपल्याकडे येणारे पाणी पंचगंगेचे असो, कळंब्याचे असो की काळम्मावाडीचे, ते क्लोरीन मिसळूनच घरापर्यंत येते. पाणी दुधाळ होणे हे नव्या टाकीतले नेहमीचे लक्षण आहे. काही दिवसांत ते आपोआप निवळले असते.

उरलेल्या सात माशांसाठी आता एवढे करावे. खाद्य निम्म्यावर आणावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच आणि दिवसातून एकदाच द्यावे. दोन-तीन आठवडे एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलावे. आपल्या टाकीत वाळू वगळता सुमारे 45 लिटर पाणी मावते, म्हणजे एका वेळी 11 लिटर, साधारण एक बादली. हे पाणी उघड्या बादलीत, शक्य असल्यास हवेचा पंप लावून, 24 तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे औषध मापाने घालावे. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा. स्पंज तुंबला, तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळावा. तो पांढराशुभ्र करण्याचा मोह टाळावा. त्यावरचा तपकिरी थर हेच आपले भांडवल आहे.

नव्याने टाकी मांडणाऱ्यांनी मात्र क्रमच उलटा ठेवावा. आधी झाडे, तीही भरपूर, वाळूचा निम्म्याहून अधिक भाग झाकेल इतकी लावावीत आणि चार ते सहा आठवडे मासे सोडू नयेत. त्या काळात एक दिवसाआड माशांच्या खाद्याची लहानशी चिमूट पाण्यात टाकावी, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. तपासणी संचात अमोनिया आणि नायट्राइट शून्य व नायट्रेट थोडे दिसू लागले की पाच-सहा मासे आणावेत आणि पुढचे दोन आठवड्यांनी. जोमाने वाढणारी झाडे अमोनिया स्वतःही शोषून घेतात. झाडांच्या टाकीत मासे सुखी राहतात ते यामुळे. केवळ शोभेसाठी झाडे लावावीत, असे मी कधीच सुचवणार नाही.

प्रश्न : आमची उसाची शेती आहे. ड्रिपमधून देतो ते 19:19:19 टाकीतल्या झाडांना चालेल का? तळाला शेणखत घातले तर?
— एक शेतकरी वाचक, करवीर तालुका

उत्तर : 19:19:19 अजिबात घालू नये. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनिया या रूपांत असतो, म्हणजे वरच्या उत्तरात ज्याच्यापासून मासे वाचवायचे म्हटले तेच आपण हाताने ओतू. कच्चे शेणखतही याच कारणासाठी नको.

पण आपल्या गोदामात टाकीच्या उपयोगाची खते नक्की असतील. 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातले नत्र नायट्रेट रूपात असते आणि पाणवनस्पती वाढवणारे जगभर ते वापरतात. 10 ग्रॅम 13:0:45 अर्धा लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी. त्यातले 20 मिलिलिटर 50 लिटर पाण्याच्या टाकीत आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यानंतर घातले, तर नायट्रेट दर लिटरमागे सुमारे 5 मिलिग्रॅमने वाढते. मध्यम उजेडाच्या टाकीला तेवढे पुरते. टाकीत मासे भरपूर असतील तर नत्र त्यांच्याकडूनच मिळते आणि स्फुरद खाद्यातून येते. अशा वेळी तुटवडा पडतो तो पालाशाचा आणि लोहाचा, तेव्हा 0:0:50, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, अधिक सोयीचे.

काय कमी आहे हे पान सांगते, आणि उसाचे पान वाचणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी, जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडली तर पालाश कमी, आणि नवा कोंब पिवळट-पांढरा निघाला तर लोह कमी. लोहासाठी चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारे, लोह अगदी थोडे द्यावे. मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुडीत तांबे असते आणि टाकीत कोळंबी असेल तर ते तिच्या जिवावर बेतते.

तळाच्या खताविषयी आपल्या भागातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. पन्हाळ्यावर पायाखाली जो जांभा दगड दिसतो, त्यात लोह भरपूर असते, आणि पूर्वी जर्मनीतले हौशी लोक जांभ्याचाच चुरा वाळूखाली मुळांसाठी घालत असत. चुरा आधी नीट धुवावा, पातळ थर द्यावा आणि वर दोन इंच वाळू ठेवावी. नाहीतर पाणी तांबूस गढूळ होते. किल्ल्यावरून मात्र काही उचलू नये, बांधकामावर उरलेला तुकडा पुरतो.

आणखी एक कळकळीची विनंती : ज्या बादलीत कधी फवारणीचे औषध कालवले असेल, ती कितीही धुतली तरी टाकीसाठी वापरू नये.

प्रश्न : दुकानातून आणलेली क्रिप्टोकोरीनची पाने आठ दिवसांत काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. झाडे काढून टाकू का?
— एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ

उत्तर : काढू नका. रोपवाटिकेत ही झाडे बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतली पाने पाण्याखाली टिकत नाहीत. झाड ती सोडून देते आणि पाण्यात चालतील अशी नवी पाने काढते. सडलेली पाने कात्रीने बुडाशी कापावीत आणि मुळांना हात लावू नये. माझ्या टाकीत असे एक झाड तीन आठवडे नुसते बोडके होते. एके दिवशी काचेलगतच्या वाळूत दोऱ्याइतके पांढरे मूळ पुढे सरकलेले दिसले आणि चार दिवसांनी गुंडाळीसारखे तपकिरी पान वर आले. मी ते मध्येच उपटून पाहिले असते, तर ते मूळ तुटले असते.

नवख्यांनी क्रिप्टोकोरीनबरोबर व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, अनुबियास आणि जावा फर्न घ्यावेत. यांना वेगळा कार्बन डायऑक्साइड पुरवावा लागत नाही. अनुबियास आणि जावा फर्नचे आडवे जाड खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. काळ्या दगडाला सुती दोऱ्याने बांधावे. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही, म्हणून उत्तम. संगमरवर आणि शिंपले टाळावेत, त्यांनी पाणी जड होते.

प्रश्न : टाकी खिडकीजवळ आहे, दिवाही दहा-बारा तास चालू असतो. काचेवर आणि पानांवर हिरवे शेवाळ चढते. शिवाय छाटलेली झाडे आणि वाढलेले गप्पी रंकाळ्यात सोडले तर चालतील का?
— एक विद्यार्थी वाचक, शाहूपुरी

उत्तर : टाकी खिडकीपासून दूर हलवावी. ती पूर्ण रिकामी केल्याशिवाय उचलू नये. दोन फुटी टाकीचेही पाणी, वाळू, दगड मिळून वजन सत्तर किलोंच्या आसपास असते. दिव्याला टायमर लावून सहा-सात तासच उजेड द्यावा आणि भराभर वाढणारी झाडे वाढवावीत. उजेड आणि अन्नद्रव्ये जास्त आणि ती वापरणारी झाडे कमी, असे झाले की शेवाळ फोफावते.

रंकाळ्यात काहीही सोडू नये. ज्या जलपर्णीने रंकाळा आणि पंचगंगा वेळोवेळी झाकून टाकली, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सुंदर फुलांसाठीच ती जगभर नेली गेली. टाकीतला सकर मासाही असाच सोडला गेल्यामुळे देशातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे. छाटणी कडक उन्हात वाळवून कुंडीत घालावी. गप्पी दुकानदाराला किंवा मित्राला द्यावेत. नव्याने टाकी मांडणाऱ्या कोणाला छाटलेल्या फांद्या देणार असाल, तर आपल्या फिल्टरमधल्या वापरलेल्या स्पंजाचा एक तुकडाही टाकीच्याच पाण्यात भिजवून सोबत द्यावा आणि त्याच दिवशी तो नव्या फिल्टरमध्ये बसवायला सांगावे. त्यांचे काही आठवडे वाचतील.